तपासणीतून सुटलेला दोष आणि त्यावरची दाद

जुने घर विकत घेण्याआधी करून घेतलेल्या होम इन्स्पेक्शनमध्ये एखादा खर्चिक दोष सुटला, तर इन्स्पेक्टरकडून भरपाई मागता येते. मात्र घरात दोष निघाला एवढ्यावर ती मिळत नाही. तपासणीच्या दिवशी, भिंत न फोडता आणि सामान न हलवता, तो दोष जाणत्या इन्स्पेक्टरच्या नजरेस पडायला हवा होता, हे दाखवावे लागते. न्यू जर्सीतल्या वकिलांच्या कचेरीत अशा ज्या फायली येतात, त्यांतल्या बहुतेकींचा निकाल या एका प्रश्नावर ठरतो. तिथल्या मराठी घरांतून हा प्रश्न अनेकदा उशिरा विचारला जातो, कारण पुण्या-ठाण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या मनात जबाबदारीचे चित्र वेगळे असते.

भारतात २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. न्यू जर्सीतही नव्या घराला हमी आहे: कारागिरी आणि साहित्याला एक वर्ष, प्लंबिंग-वायरिंगसारख्या यंत्रणांना दोन वर्षे, मोठ्या बांधकाम-दोषांना दहा वर्षे. जुन्या घराच्या मागे असा कोणी उभा नसतो. विकणारा क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी, किल्ल्या देतो आणि दुसऱ्या राज्यात निघून जातो. रियल्टरला कमिशन व्यवहार पार पडला तरच मिळते. घर नीट पाहण्याचेच पैसे घेतलेला माणूस या सगळ्यात एकच, तो म्हणजे इन्स्पेक्टर. त्यामुळे तळघरात पाणी शिरले की पहिला राग त्याच्यावर निघतो. तो राग रास्त आहे की नाही, हे मात्र त्याचे काम नेमके काय होते त्यावर अवलंबून असते.

न्यू जर्सीत रियल्टरने तयार केलेल्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन प्रत हाती आली की कामकाजाच्या तीन दिवसांत वकील तो करार तपासू शकतात, बदलू शकतात किंवा रद्द करू शकतात. त्याला अटर्नी रिव्ह्यू म्हणतात. तो संपला की तपासणीची मुदत सुरू होते. ती बहुधा दहा ते चौदा दिवसांची असते. याच दिवसांत इन्स्पेक्टर घरी येतो, दोन-तीन तास हिंडतो आणि एकदोन दिवसांत फोटोंसह भलामोठा पीडीएफ अहवाल पाठवतो. फी काहीशे डॉलर. या अहवालाच्या जोरावर घेणारा दुरुस्ती मागतो, किंमत कमी करून मागतो किंवा करार मोडतो. अहवालाची खरी किंमत या तीन वाटांत आहे. दोष सुटला म्हणजे या तिन्ही वाटा बंद झाल्या, आणि कायद्याच्या नजरेत नुकसान म्हणायचे ते हेच.

राज्यात १९९८ च्या कायद्याने इन्स्पेक्टरला परवाना लागतो. व्यावसायिक चुकांसाठी त्याने दर घटनेमागे किमान पाच लाख डॉलरचा विमा ठेवायचा असतो. काय पाहायचे याचे किमान नियम आहेत: पाया आणि सांगाडा, बाहेरच्या भिंती, छप्पर, प्लंबिंग, वीज, हीटिंग, एअर कंडिशनिंग, आतल्या खोल्यांची स्थिती, इन्सुलेशन, फायरप्लेस. काय पाहायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. जमिनीत पुरलेली जुनी तेलाची टाकी, वाळवी, रेडॉन, मोल्ड, रस्त्यापर्यंत जाणारी सांडपाण्याची नळी, या गोष्टी नेहमीच्या तपासणीत येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी फी आणि बऱ्याचदा वेगळा माणूस असतो. न्यू जर्सीत एकेकाळी पुष्कळ घरे तेलावर तापवली जात. त्या टाक्या गळून माती बिघडली, तर सफाईचा खर्च घराच्या मालकाच्या गळ्यात पडतो आणि तो फार मोठा असू शकतो. अशी टाकी सापडलेला माणूस तावातावाने इन्स्पेक्टरविरुद्ध कागद घेऊन येतो. करारनाम्यात टाकीची तपासणी घेतलेलीच नसते, आणि फाइल तिथेच मिटते. ज्या कामाचे पैसे दिले नाहीत त्या कामात कुचराई झाली असे म्हणता येत नाही.

जे काम त्याच्याकडे होते, त्यातही नियमांची भाषा मोजूनमापून आहे. दोष ठळक हवा, म्हणजे घराची किंमत, राहण्यालायकपणा किंवा सुरक्षितता यांवर चांगलाच परिणाम करणारा. रंग उडाला, टाइल जुनी झाली, हे त्यात येत नाही. आणि तो तपासणीत सहज कळण्याजोगा हवा. इन्स्पेक्टर फर्निचर सरकवत नाही, गालिचा उचलत नाही, छपरावरचा बर्फ झाडत नाही, ड्रायवॉल कापत नाही. पण लाकूड कुजल्याचा संशय यावा अशा जागी टोचून पाहणे त्याच्याकडून अपेक्षित असते. एखादा भाग पाहता आला नाही, तर तो पाहिला नाही आणि का पाहिला नाही, हे अहवालात लिहावे लागते. ‘क्रॉल स्पेसचे (घराखालच्या रांगत जायच्या जागेचे) दार सामानाने अडले होते’ ही एक ओळ इन्स्पेक्टरला वाचवते. तीच ओळ अहवालात नसेल, तर तो आत गेला होता असे धरले जाते आणि आत काय दिसत होते याचा जाब त्याला द्यावा लागतो.

सर्वांत जास्त तक्रारी तळघरातल्या पाण्याच्या असतात, आणि दिसण्या-न दिसण्याचा वाद तिथेच सर्वांत चांगला उलगडतो. घर ऑगस्टमध्ये पाहिलेले असते. तळघर कोरडे, भिंतींना ताजा पांढरा रंग, कोपऱ्यात डिह्युमिडिफायर. मार्चमध्ये बर्फ वितळते, दोन दिवस पाऊस लागतो आणि भिंतीच्या बुडातून पाणी पाझरू लागते. ऑगस्टमध्ये पाणी नव्हते, हे खरे. पाण्याच्या खुणा होत्या का, हा खरा प्रश्न. सिमेंट ब्लॉकच्या भिंतीला लोणा लागलेला असतो. लाकडी खांबांचे पाय काळवंडलेले असतात. वॉटर हीटरच्या पत्र्यावर वीतभर उंचीवर गंजाची आडवी रेघ असते. भिंतीच्या मध्यावर आडवी भेग असते आणि बाहेरच्या मातीच्या दाबाने भिंत आत झुकलेली असते. ती झुकायला वर्षे लागतात, सात महिने पुरत नाहीत. यातली एक खूण सुटली तर इन्स्पेक्टरची बाजू घेता येते. तीन खुणा एकाच भिंतीवर असतील, तर ते अवघड जाते.

या खुणा होत्या हे सिद्ध करायला बहुतेक वेळा इन्स्पेक्टरचेच फोटो उपयोगी पडतात, हा या कामातला वारंवार येणारा अनुभव आहे. त्याने फोटो काढलेला असतो वॉटर हीटरच्या लेबलाचा, उत्पादनाचे वर्ष दिसावे म्हणून. फोटोच्या कडेला, लेबलाच्या मागे, भिंतीवरचा लोणा स्पष्ट दिसतो. अहवालात ज्या भिंतीबद्दल ‘समाधानकारक’ लिहिले आहे, तीच भिंत. अहवालात छापलेले फोटो थोडे असतात. काढलेले त्याच्या कितीतरी पट असतात. खटला सुरू झाल्यावर मूळ फोटो, तारीख-वेळेसह, मागवता येतात. म्हणून अशा प्रकरणात आधी अहवालाचे शब्द न वाचता फोटोंच्या पार्श्वभूमी वाचाव्यात. घर विक्रीला होते तेव्हाच्या जाहिरातीतले फोटोही उतरवून ठेवावेत, कारण विक्री झाल्यावर ते नाहीसे होऊ शकतात.

इन्स्पेक्टरची पहिली ढाल अहवालातच असते. ‘परवानाधारक कंत्राटदाराकडून पुढील तपासणी करून घ्यावी’ हे वाक्य काही अहवालांत चाळीस-चाळीस ठिकाणी येते: गटारीच्या पन्हळीखाली, खिडकीच्या चौकटीखाली, डेकच्या पायरीखाली आणि त्याच सुरात झुकलेल्या भिंतीखालीही. बचावाचे वकील हे वाक्य पुढे करतात आणि म्हणतात, सांगितले होते, तुम्ही कोणाला बोलावले नाही. हा बचाव पोकळ नाही. भिंतीचे नाव घेऊन, भेग दाखवून, क्लोजिंगच्या आधी इंजिनिअर बोलवा असे लिहिले असेल आणि घेणाऱ्याने ते वाचून सोडून दिले असेल, तर प्रकरण तिथे संपल्यातच जमा आहे. पण सगळ्याच ओळींखाली एकच इशारा असेल, तर तो कशाचाच इशारा राहत नाही, असा प्रतिवाद करता येतो. गंभीर दोष किरकोळ दोषांच्या गर्दीत पुरून टाकणे हीही हयगय ठरू शकते.

दुसरी ढाल करारनाम्यात असते. इन्स्पेक्टर सही घेतो त्या कागदात बहुधा एक कलम असते: काहीही चुकले तरी जबाबदारी घेतलेल्या फीपुरती. हे कलम वाचून अनेक जण घरीच हार मानतात. न्यू जर्सीत तसे करण्याचे कारण नाही, आणि त्यामागे राज्याच्या अपील न्यायालयाचा २००४ चा एक निकाल आहे. पहिलेच घर घेणाऱ्या एका जोडप्याने ३८५ डॉलर फी देऊन तपासणी करून घेतली होती. करारात जबाबदारीची मर्यादा ५०० डॉलर किंवा फीच्या निम्मे, यांतले जे कमी असेल तेवढी होती. म्हणजे १९२ डॉलर ५० सेंट. राहायला गेल्यावर छप्पर गळू लागले. जोडणीच्या जागची पत्र्याची फ्लॅशिंग चुकीची बसवली होती आणि दुरुस्तीचा अंदाज आठ ते दहा हजार डॉलरचा निघाला. घेणाऱ्याचे म्हणणे असे की सही करताना ही भाषा त्याला खटकली होती, पण कलमे बदलणार नाहीत असे त्याला सांगण्यात आले. खालच्या न्यायालयाने मर्यादा मान्य केली. अपील न्यायालयाने ती फेटाळली.

त्या निकालातली कारणे अजूनही उपयोगी पडतात. करार छापील, घ्या नाहीतर सोडा असा होता. एका बाजूला व्यावसायिक, दुसऱ्या बाजूला घराची काहीच माहिती नसलेला ग्राहक. फीच्या निम्म्यावर जबाबदारी थांबली, तर काम नीट करण्याचे कारणच उरत नाही आणि ग्राहकाच्या हाती निरुपयोगी करार राहतो. शिवाय कायदेमंडळाने परवाना आणि पाच लाखांचा विमा सक्तीचा करायचा आणि करारातल्या एका कलमाने तो विमा बिनकामाचा करायचा, हे एकत्र नांदू शकत नाही. या शेवटच्या मुद्द्यात निकालाचे सगळे बळ आहे.

राज्य बदलले की हा आधार बदलतो. कॅलिफोर्नियात इन्स्पेक्टरला परवानाच लागत नाही, पण जबाबदारी फीपुरती मर्यादित करणारे कलम तिथला कायदा अवैध ठरवतो. दावा मात्र तपासणीपासून चार वर्षांच्या आत करावा लागतो. नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात मुदत अहवाल हाती आल्यापासून फक्त एक वर्ष आहे. फिलाडेल्फियाच्या उपनगरात घर घेऊन पहिला हिवाळा गेला, दुसऱ्या हिवाळ्यात पाणी आले, तर दाव्याची मुदत बहुधा निघून गेलेली असते. न्यू जर्सीतल्या मित्राने दिलेला सल्ला तिथे चालत नाही. करारात लवादाचे कलम असेल तर तेही पाहावे लागते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे, आपण न्यायालयात जाण्याचा हक्क सोडत आहोत हे ग्राहकाला साध्या भाषेत सांगितलेले नसेल, तर असे कलम त्याच्यावर लादता येत नाही. आणखी एक गोष्ट: दावा करण्याचा हक्क करारावर सही करणाऱ्या ग्राहकाचा. आधीचा व्यवहार मोडलेल्या कुणाचा तरी अहवाल विकणाऱ्याने दाखवला आणि त्यावर भरवसा ठेवून काहीशे डॉलर वाचवले, तर त्या अहवालाच्या चुकीसाठी भांडायला फारशी जागा राहत नाही.

खरे नुकसान बहुतेक वेळा दोष सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते, आणि ते घेणारा स्वतःच्या हाताने करतो. भिंत ओली दिसते, कंत्राटदार येतो, ड्रायवॉल उखडतो, कुजलेली लाकडे कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये जातात, नवी भिंत उभी राहते. मग बिल घेऊन वकिलाकडे. तोवर इन्स्पेक्टरने जे पाहिले होते ते जगात उरलेले नसते. त्याचा वकील विचारतो, आमच्या तज्ज्ञाने काय पाहावे? पुरावा नष्ट झाल्याचा ठपका घेणाऱ्यावरच येऊ शकतो. म्हणून दोष सापडताच आधी फोटो आणि व्हिडिओ, मग इन्स्पेक्टरला लेखी पत्र, पोच मिळेल अशा सर्टिफाइड टपालाने. पत्रात काय सापडले ते थोडक्यात लिहावे, ठरावीक दिवसांत येऊन पाहावे असे कळवावे आणि विमा कंपनीला खबर द्यावी असे सांगावे. शिव्या लिहू नयेत. हे पत्र पुढे न्यायाधीशासमोर वाचले जाते. नुकसान वाढू नये म्हणून छपरावर ताडपत्री टाकणे, पाणी उपसणे, नळ बंद करणे हे मात्र लगेच करावे, नाहीतर वाढलेले नुकसान तुमच्या दुर्लक्षाने झाले असे म्हटले जाते. भिंत उघडायची ती सगळ्यांना कळवून, आणि काढलेले तुकडे पिशव्यांत, कोणत्या जागेचे ते लिहून ठेवावेत. गॅरेजमध्ये ठेवलेल्या कुजलेल्या फळीच्या दोन तुकड्यांनी जेवढे काम होते, तेवढे लांबलचक जबाबाने होत नाही.

विमा कंपनीला खबर लवकर जाणे वेगळ्या कारणासाठीही गरजेचे असते. या धंद्यातल्या बहुतेक पॉलिसी, मागणी ज्या काळात केली त्या काळाच्या असतात. तपासणी झाली तेव्हा पॉलिसी होती एवढे पुरत नाही. इन्स्पेक्टर वर्षभरात धंदा बंद करून फ्लोरिडाला गेला आणि पॉलिसी संपली, तर जिंकलेला हुकूमनामा वसूल करायला काही राहत नाही.

त्यानंतर तज्ज्ञाचा प्रश्न येतो, आणि यात फसगत फार होते. घेणाऱ्याकडे वॉटरप्रूफिंगवाल्याचे पत्र असते: हे कोणालाही दिसले असते. ऐकायला बरे वाटते, न्यायालयात टिकत नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याला दुरुस्ती कळते. परवानाधारक इन्स्पेक्टरने नियमांप्रमाणे काय पाहायला हवे होते, यावर तो बोलू शकत नाही. त्यासाठी दुसरा होम इन्स्पेक्टरच लागतो, आणि त्याने ‘चुकले’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या नियमानुसार, कोणत्या खुणेवरून, काय लिहायला हवे होते हे सांगावे लागते. कारण न देता दिलेले मत न्यू जर्सीची न्यायालये बाजूला ठेवतात. पाणी कुठून आले, भिंत कधीपासून झुकतेय, हे सांगायला स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. म्हणजे दोन तज्ज्ञ, दोन फी. आपल्याच राज्यातला इन्स्पेक्टर दुसऱ्या इन्स्पेक्टरविरुद्ध साक्ष द्यायला सहसा नाखूश असतो, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

भरपाईचा आकडा दुरुस्तीच्या बिलाइतकाच असतो ही समजूतही खरी नाही. हिशेब असा: दोष कळला असता, तर हे घर कितीला घेतले असते? दिलेली किंमत आणि दोषासकट घराची किंमत, यांतला फरक हे नुकसान. दुरुस्तीचा खर्च हा त्या फरकाचा पुरावा म्हणून येतो. वीस वर्षांचे छप्पर गळते म्हणून तीस वर्षे टिकणारे नवे घातले, तर नव्याची पूर्ण किंमत मागता येत नाही. जुन्या छपराचे आयुष्य तसेही सरत आले होते.

मग खर्चाचे गणित. अमेरिकेत सर्वसाधारणपणे जिंकणाऱ्यालाही वकिलाची फी स्वतःच भरावी लागते. न्यू जर्सीत १ जुलै २०२२ पासून पाच हजार डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये आणि वीस हजारांपर्यंतचा स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये चालतो. तिथे वकिलाशिवायही उभे राहता येते आणि काम काही महिन्यांत संपते. त्यावरचे दावे लॉ डिव्हिजनमध्ये. तिथे कागदपत्रांची देवघेव, जबाब, तज्ज्ञांचे अहवाल यांत वर्ष-दोन वर्षे सहज जातात. सर्वांत अडचणीत सापडतात ते पंचवीस-तीस हजारांचे दावे: खालच्या न्यायालयात मावत नाहीत आणि वरच्या न्यायालयाचा खर्च पेलत नाहीत. अशा वेळी वीस हजारांवरचा हक्क सोडून स्पेशल सिव्हिल पार्टमध्येच जाणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. हे ऐकताना अशिलाचा चेहरा पडतो, पण दोन तज्ज्ञ आणि दोन वर्षांची फी वजा केली की हातात राहणारी रक्कम जवळपास तेवढीच असते.

फक्त इन्स्पेक्टरवर नजर खिळली की विकणारा सुटतो. तळघराला तो ताजा पांढरा रंग कोणी दिला, खोकी नेमकी त्याच भिंतीला का रचली होती, हे विचारायला हवे. १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात घेणारे संध्याकाळी रिकाम्या घरात गेले, दिवे लावले आणि झुरळांच्या झुंडी चहूकडे पळाल्या. आधी घर दाखवताना दिवे लावलेले होते, म्हणून काही दिसले नव्हते. न्यायालयाने म्हटले की विकणाऱ्याने ठाऊक असलेला, सहज न दिसणारा ठळक दोष जाणूनबुजून दडवला असेल, तर नुसते गप्प बसणेही फसवणूक ठरू शकते आणि करार मोडता येतो. ‘आहे तसे’ विकले, या कलमानेही दडवादडवी झाकली जात नाही. २०२४ पासून तर राज्यात विकणाऱ्याने घराच्या स्थितीचे लेखी निवेदन देणे सक्तीचे झाले आहे, आणि त्यात पुराबद्दलचे प्रश्नही आहेत. विकणाऱ्याला दोष माहीत होता हे शोधायची एक सोपी जागा म्हणजे गावाचे बांधकाम खाते. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज केला की जुने परवाने मिळतात. वॉटरप्रूफिंगचा किंवा पायाच्या दुरुस्तीचा परवाना निघाला, तर प्रकरणाचा रंग पालटतो. शेजाऱ्यांशी बोलावे. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाचे पाणी कोणाच्या तळघरात किती आले होते, हे गल्लीला पाठ असते.

दोघांवरही दावा केला की दोषाची वाटणी टक्क्यांत होते. ज्याचा वाटा ६० टक्के किंवा जास्त, त्याच्याकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते; त्याहून कमी असेल तर त्याच्या वाट्याचीच. विमा इन्स्पेक्टरकडे असतो, विकणाऱ्याकडे नसतो. त्यामुळे इन्स्पेक्टरचा वकील सगळा दोष विकणाऱ्यावर ढकलायला पाहतो, आणि घेणाऱ्याच्या वकिलाला विकणाऱ्याची लबाडी रंगवताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. घेणाऱ्याचा स्वतःचा दोष निम्म्याहून जास्त ठरला, तर काहीच मिळत नाही.

इन्स्पेक्टर कोणी सुचवला, हा प्रश्न खटल्यात फारसा येत नाही, पण यायला हवा. बहुतेकांना त्यांच्या रियल्टरनेच दिलेल्या यादीतले नाव मिळालेले असते, आणि व्यवहार वारंवार मोडायला लावणारा इन्स्पेक्टर त्या यादीत फार दिवस राहत नाही. सगळे असेच असतात असे मुळीच नाही. पण घराची माहिती देणाऱ्याचे पुढचे काम, घर विकले जाण्यावर पोट असणाऱ्याच्या हाती असावे, ही रचनाच वाईट आहे. त्याहून वाईट म्हणजे तपासणीच न करणे. महामारीनंतरच्या चढाओढीत अनेकांनी बोली उजवी ठरावी म्हणून तपासणीचा हक्क सोडला. त्यांच्या घरात दोष निघाला तेव्हा विकणाऱ्याशिवाय धरायला कोणी नव्हते. मॅसॅच्युसेट्सने १५ ऑक्टोबर २०२५ पासून तपासणी सोडण्याच्या अटीवर बोली स्वीकारायला मनाई केली आहे. न्यू जर्सीने हे उचलावे.

परवाना देणाऱ्या समितीकडे तक्रार करता येते आणि ती फुकट असते. तिथून दंड, ताकीद किंवा परवान्यावर कारवाई होऊ शकते. पैशांसाठी मात्र दावाच करावा लागतो. दावा चालू असताना तक्रार केव्हा करायची, हे वकिलाला विचारून ठरवावे.

बरीच प्रकरणे निकालापर्यंत जातच नाहीत. पत्र गेले, विमा कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला, की तडजोडीचे बोलणे सुरू होते. विम्यातही पहिले काही हजार डॉलर इन्स्पेक्टरला खिशातून भरावे लागतात, म्हणून लहान दाव्यांत तडजोडीचा आकडा त्या रकमेच्या आसपास घुटमळतो. कधी कधी याच्याही आधी, पहिल्याच फोनला, इन्स्पेक्टर गोड बोलून फी परत देऊ करतो. सोबत ईमेलवर एक पानी कागद येतो. त्यात लिहिलेले असते की या रकमेच्या बदल्यात तपासणीबाबतच्या आजच्या आणि पुढच्या सर्व मागण्या सोडल्या. हा रिलीज. त्यावर सही झाली की पुढे भिंतीमागे काहीही निघो, दार बंद. चार-पाचशे डॉलरचा चेक घेऊन वीस-तीस हजारांचा हक्क सोडून दिल्याची उदाहरणे या कामात नेहमी भेटतात. चेक आला तर वटवू नये, कागद आला तर सही करू नये. आधी दोन्ही वकिलाला दाखवावेत.